आधी स्वतःचा पत्ता, मग मॅस्टोडॉन

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरातला तुमचा एक गट गेली काही वर्षे एका मोठ्या सोशल साइटवर पेज चालवतो. जुन्या गिरण्या, चाळी, गड्ड्याची यात्रा, नवी पेठेतली दुकाने यांचे फोटो आणि त्याखाली लोकांनी लिहिलेल्या आठवणी. मध्यंतरी ते पेज काही दिवस अचानक दिसेनासे झाले आणि विचारायला कुणी माणूस सापडला नाही. आता तुम्ही विचारताय की ट्विटरसारख्याच असलेल्या मॅस्टोडॉनवर जावे की ब्लूस्कायवर, सर्व्हर (साइट चालवणारा संगणक) स्वतःचा उभारावा का, आणि तुमचे वयस्कर वाचक तिथवर येतील का.

मी लहान संस्थांच्या वेबसाइटी आणि सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या हाती नसलेल्या, सोशल मीडियावर लोकांना आणून बसवण्याचे कामही बरेच केले आहे. माझे उत्तर असे: स्वतःचे डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) घ्या, त्यावर वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरची साधी साइट टाका, ती साइटच विकेंद्रित जाळ्याला जोडा, आणि जुने पेज पाटीसारखे तिथेच राहू द्या. मॅस्टोडॉनचा सर्व्हर स्वतः उभारू नका. कोणत्या अ‍ॅपवर जायचे हा प्रश्न तुमच्या बाबतीत दुय्यम आहे. तुमच्या पेजची खरी संपत्ती फोटोंखालच्या आठवणी आहेत, आणि त्या पुढच्या वेळी कुणाच्या डेटाबेसमध्ये जमा होणार हे आधी ठरवायला हवे.

असे का म्हणतो ते सांगतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मराठी साहित्य, गड-किल्ले, गावोगावच्या कम्युनिटी तिथे होत्या. टिकटॉकवर सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरून व्हिडिओ टाकणाऱ्या कितीतरी पोरापोरींचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. कू हे तर आपल्याच देशातले, मराठीत लिहिण्याची चांगली सोय असलेले अ‍ॅप. मंत्री आणि सरकारी खाती तिथे होती. तेही जुलै २०२४ मध्ये बंद करत असल्याचे जाहीर झाले. एक परदेशी कंपनीच्या निर्णयाने गेले, एक सरकारच्या आदेशाने, एक पैशाअभावी. तिन्हीकडे सामान्य लिहिणाऱ्याची स्थिती एकच होती: पत्ता दुसऱ्याचा, त्यामुळे पत्ता गेला की माणसेही पांगली. म्हणून स्वदेशी की परदेशी या वादात मी शिरत नाही. उद्या ही जागा सोडावी लागली तर माझ्यासोबत काय येईल, एवढेच मी प्रत्येक ठिकाणी विचारतो.

दुसरी गोष्ट, स्थलांतराच्या लाटांकडून फार अपेक्षा ठेवू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर भारतातून मोठा घोळका मॅस्टोडॉनवर गेला. दोन-चार आठवडे धामधूम होती. मग बहुतेक जण परतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. मॅस्टोडॉनचे महिन्याला सक्रिय असणारे लोक साधारण ३ लाखांवरून २५ लाखांपर्यंत पोचले आणि नंतर त्यातला मोठा भाग ओसरला. रागाने गेलेली माणसे राग उतरला की परततात. जे टिकले ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या विषयाने बांधलेले होते. खगोलशास्त्र, मुक्त सॉफ्टवेअर, पक्षी, भाषा अशी कुठलीतरी ओढ त्यांना होती. तुमचा गट असाच विषयाने बांधलेला आहे, म्हणून तुमचे जमेल असे मला मनापासून वाटते. पण सगळे फॉलोअर सोबत येतील असे धरून चालू नका. दहातला एक आला आणि तो आठवणी लिहिणारा असला, तर काम झाले समजा.

विकेंद्रित म्हणजे काय याचा फार बाऊ होतो. जिओच्या नंबरवरून एअरटेलला फोन लागतो, कारण दोन्ही कंपन्या एकच नियमावली पाळतात. मॅस्टोडॉनचे तसेच आहे. जर्मनीतल्या ओयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये ते सुरू केले. जगभर हजारो सर्व्हर आहेत, वेगवेगळ्या लोकांच्या मालकीचे, आणि ते अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, चर्चेसाठी लेमी, हे सगळे त्याच जाळ्यातले. या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. पिक्सेलफेडवरचा फोटो मॅस्टोडॉनवरच्या माणसाला दिसतो आणि तो तिथूनच उत्तर देतो. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्डप्रेससुद्धा या जाळ्यात बसते. त्याकडे पुढे येतो.

ब्लूस्कायची रचना वेगळी आहे. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्या प्रकल्पाची घोषणा केली होती. आमंत्रणाशिवाय कुणालाही खाते उघडता येऊ लागले ते फेब्रुवारी २०२४ पासून. जानेवारी २०२५ अखेर तिथली खाती ३ कोटींवर गेली. वापरायला ते सोपे आहे, जुन्या ट्विटरसारखेच दिसते, आणि एक गोष्ट तिथे मॅस्टोडॉनपेक्षा सरस आहे: खात्याची ओळख साठवणीच्या सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली असल्यामुळे सर्व्हर बदलताना फॉलोअर आणि जुन्या पोस्टी दोन्ही सोबत नेता येतात. उणी बाजू अशी की सगळ्यांच्या पोस्टी गोळा करून दाखवण्याचे जे मधले मोठे काम आहे, ते अजून मुख्यतः एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालते. दार मोठे ठेवले आहे, पण त्यातून बाहेर पडून वेगळे राहणारे अजून थोडे. मी तिथे खाते ठेवायला सांगेन, मुक्काम नाही.

आता कामाचे बोलू. सगळ्यात आधी तुमच्या पेजचा संग्रह उतरवून घ्या. आजच मागणी नोंदवा, कारण फाइल तयार व्हायला वेळ लागतो आणि तयार झाल्यावर उतरवण्याची लिंक थोडेच दिवस चालते. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर), सगळीकडे सेटिंगमध्ये ही सोय आहे. फेसबुकवर फाइलचा प्रकार विचारला जातो: एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखी उघडणारी) की जेसन (प्रोग्रामने वाचायची). मराठी मजकूर असेल तर एचटीएमएल घ्या. जेसनमध्ये देवनागरी अक्षरे ज्या पद्धतीने नोंदली जातात त्यामुळे नेहमीच्या प्रोग्रामने उघडल्यावर ती लॅटिन चिन्हांचा चिखल दिसतात. दुरुस्त करता येते, पण त्याला प्रोग्रामिंग येणारा माणूस लागतो. मिळणारे फोटो मूळ दर्जाचे नसतात, चढवताना ते दाबले गेलेले असतात. म्हणून ज्याने ज्याने फोटो दिला त्याच्या फोनवर किंवा हार्डडिस्कवर मूळ प्रत आहे का ते विचारत बसावे लागेल. कंटाळवाणे काम आहे, पण दहा वर्षांनी मोठ्या आकारात छापायची वेळ आली की मूळ प्रतच लागते.

आणि आता जे बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते ते. तुमच्या संग्रहात तुमच्या पोस्टी येतील, तुम्ही लिहिलेल्या कमेंटी येतील. तुमच्या पोस्टींवर इतरांनी लिहिलेल्या कमेंटी त्यात मिळतील यावर विसंबू नका. म्हणजे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या फोटोखाली कुणी साचेवाल्याच्या मुलाने भोंग्याच्या वेळा लिहिल्या असतील, कुणी लक्ष्मी-विष्णू मिलच्या चाळीतल्या खोलीचे भाडे सांगितले असेल, कुणी पद्मशाली आजीने तेलुगू वळणाच्या मराठीत हातमागावरच्या साडीची विण समजावली असेल, तर नेमके तेच गळण्याची शक्यता आहे. फोटो पुन्हा मिळतील. ती आजी पुन्हा लिहिणार नाही. म्हणून गटातल्या चार-पाच जणांनी पेज वाटून घ्या आणि महत्त्वाच्या पोस्टींखालच्या कमेंटी हाताने उतरवा: मजकूर, तारीख, लिहिणाऱ्याचे नाव, कोणत्या फोटोखाली. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून ठेवा, पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, वेगळा नोंदवाच. स्क्रीनशॉटमधले शब्द शोधता येत नाहीत. तुमच्याकडे जुन्या स्मरणिका किंवा प्रेसमधल्या फायली श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्याही याच वेळी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नव्या साइटवर त्या निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतील.

हे उतरवताना परवानगीचा प्रश्न येतो. ज्याने तिथे कमेंट लिहिली त्याने ती त्या जागेसाठी लिहिली. दुसरीकडे नावानिशी छापण्याआधी त्याला विचारा. संपर्क होत नसेल तर मजकूर संग्रहात ठेवा, जाहीर करू नका, किंवा ओळख काढून त्याचा सारांश द्या. फोटोंबाबत आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आधी प्रसिद्धीपासून ६० वर्षे धरत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे धरतो. जुन्या नियमाने ज्यांची मुदत तेव्हाच संपली होती अशा छापून आलेल्या फार जुन्या फोटोंची अडचण कमी होते, पण घरातल्या अल्बममधला फोटो कधी प्रसिद्धच झालेला नसतो. तिथे त्या कुटुंबाचा शब्द घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहून घेतली तरी पुष्कळ.

आता डोमेन. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतात, आणि साध्या होस्टिंगला (साइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेला) धरून सगळा खर्च वर्षाला काही हजारांत बसतो. देवनागरीत डॉट भारत डोमेनही मिळते, नाव डोळ्यांना फार छान दिसते. तरीही मुख्य पत्ता रोमन लिपीतला घ्या. अनेक अ‍ॅपमध्ये देवनागरी डोमेन विचित्र रोमन अक्षरांच्या साखळीत उमटते आणि लोकांना ते बनावट वाटते. मॅस्टोडॉनवरही खात्याचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि खालची रेघ एवढ्यातच बसवावे लागते. दिसणारे नाव मात्र खुशाल मराठीत ठेवा.

त्या डोमेनवर वर्डप्रेस टाका. त्याचे नियंत्रण पटल मराठीत मिळते, त्यामुळे गटातल्या निवृत्त शिक्षकांनाही पोस्ट टाकता येईल. मग अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा भाग) बसवा. वर्डप्रेसमागची ऑटोमॅटिक कंपनी ते सांभाळते आणि ते मोफत आहे. ते सुरू केले की तुमची साइटच फेडिव्हर्समधले एक खाते बनते. पुण्यातला किंवा बर्लिनमधला माणूस मॅस्टोडॉनवरून तिला फॉलो करतो, नवी पोस्ट त्याच्या टाइमलाइनवर जाते, आणि तो तिथून जे उत्तर लिहितो ते तुमच्या साइटवर कमेंट म्हणून येऊन बसते. माझा सगळा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे. पुढची आठवण लिहिली जाईल तेव्हा ती तुमच्या डेटाबेसमध्ये असेल. होस्टिंग कंपनी बदलली तरी पत्ता तोच, फॉलोअर तेच, कमेंटी त्याच. मोठ्या साइटवर जे तुम्हाला आता हाताने उतरवावे लागते आहे, ते इथे एका बॅकअपमध्ये येते.

बसवताना तीन ठिकाणी लोक अडतात. साइट डोमेनच्या मुळाशी बसवा, उपफोल्डरमध्ये नको, नाहीतर दुसऱ्या सर्व्हरना तुमचे खाते सापडत नाही. कॅशिंगचे, म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून त्यांच्या प्रती साठवणारे, प्लगइन आधीपासून असेल तर ते सर्व्हरसाठीची माहिती माणसाला आणि माणसासाठीचे पान सर्व्हरला देऊन गोंधळ करू शकते. त्याच्या सेटिंगमध्ये अपवाद घालावा लागतो. आणि स्वस्त होस्टिंगवरची सुरक्षा-भिंत कधी कधी बाहेरच्या सर्व्हरच्या विनंत्या हल्ला समजून अडवते. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ या पानावर प्लगइनने केलेल्या तपासण्या दिसतात. त्या हिरव्या झाल्याशिवाय कुणाला पत्ता सांगू नका.

ब्लूस्कायसाठी दोन मार्ग आहेत. तिथे वेगळे खाते उघडून तुमचे डोमेनच खात्याचे नाव म्हणून लावा. डोमेनच्या नोंदींत एक ओळ घातली की होते, पैसे पडत नाहीत, आणि हे खाते खरेच तुमचे आहे हे कुणालाही पडताळता येते. दुसरा मार्ग ब्रिजी फेड या पुलाचा. फेडिव्हर्समधल्या खात्याला तो ब्लूस्कायवर दाखवतो आणि तिकडची उत्तरे इकडे आणतो. माणसे कमी असतील तर पूल बरा, दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागत नाही. मराठी लिहिणाऱ्यांच्या सोयीची एक बाब: एका पोस्टसाठी मॅस्टोडॉनची मर्यादा मुळात ५०० अक्षरांची आणि ब्लूस्कायची ३०० ची आहे, पण दोन्हीकडे काना-मात्रा वेगळ्या मोजत नाहीत. एक्सवर त्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी वाक्य तिथे लवकर संपवावे लागते.

स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर का नको? तो उभारणे कठीण नाही. चालवत राहणे जड जाते. २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर पुरतो, पण तुमची माणसे बाहेर ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओ तुमच्या डिस्कवर साठत जातात आणि ते वेळोवेळी साफ करावे लागतात. ईमेल पाठवण्याची सोय वेगळी करावी लागते. सुरक्षेचे अपडेट येतात ते त्याच दिवशी लावावे लागतात. डेटाबेस, पासवर्डसारख्या गुप्त चाव्यांची फाइल आणि फोटो या तिघांचा बॅकअप लागतो, एक जरी चुकला तरी सर्व्हर पूर्वीसारखा परत उभा राहत नाही. एकदा ठरवलेले डोमेन नंतर बदलता येत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर चालवण्याचा विचारही करू नका. बहुतेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र आयपी पत्ता (बाहेरून त्या संगणकापर्यंत पोचण्याचा क्रमांक) मिळत नाही, आणि वीज गेली की सर्व्हर गेला. अगदी हौसच असेल तर गोटूसोशल नावाचे हलके सॉफ्टवेअर आहे, ते १ जीबी रॅममध्ये चालते, पण ते एक-दोन जाणत्या माणसांसाठी. शिवाय दुसऱ्यांना खाती दिली की तुम्ही कायद्याच्या भाषेत मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणारे, होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि सर्वसाधारण तक्रार ठरलेल्या मुदतीत निकाली काढावी लागते. ५० लाख वापरकर्त्यांवरच्या मोठ्या कंपन्यांना जादा नियम आहेत, पण मूळ जबाबदारी लहानांनाही आहे. तुमच्या गटाची शक्ती आठवणी गोळा करण्यात लागू दे.

गटातल्या काहींना स्वतःची वैयक्तिक मॅस्टोडॉन खाती हवी असतील तर चालू असलेल्या सर्व्हरवर उघडा. निवडताना सदस्यसंख्या पाहू नका, चालवणाऱ्यांनी स्वतःबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला रोज बॅकअप घेण्याचे, एकापेक्षा जास्त जणांच्या हाती आणीबाणीचा प्रवेश ठेवण्याचे आणि बंद करायचे असेल तर किमान ३ महिने आधी सांगण्याचे वचन द्यावे लागते. यादीतला सर्व्हर घेतला तर निदान एवढी हमी मिळते. पुढे सर्व्हर बदलायचा झाला तर नव्या खात्यात आधी जुन्याची नोंद करा, मग जुन्यातून हलवण्याची आज्ञा द्या. फॉलोअर आपोआप जातात, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलने न्यावी लागते. जुन्या पोस्टी जात नाहीत. आणि एकदा हलल्यावर ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणूनच संस्थेचे खाते मी अशा परक्या सर्व्हरवर ठेवायला सांगत नाही, व्यक्तीचे ठीक आहे. आणखी एक, तिथले खासगी संदेश सीलबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येऊ शकतात. देणगीचे, कौटुंबिक भांडणाचे, आजारपणाचे बोलणे तिथे करू नका.

सुरुवातीला मॅस्टोडॉन ओस वाटेल, त्याने खचू नका. तिथे पुढे ढकलणारा अल्गोरिदम नाही. पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसतात आणि एकाने बूस्ट केली (पुढे पाठवली) तरच दुसऱ्यापर्यंत जातात. नुसत्या लाइकने काही पसरत नाही. म्हणून गटातल्यांना सांगा की आवडले तर बूस्ट करा. सोलापूर हा हॅशटॅग देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत लावा, पोस्टची भाषा मराठी अशी नेमून द्या, म्हणजे भाषेनुसार गाळणी लावणाऱ्यांना ती सापडते. फोटोंना वर्णन लिहा. दृष्टिहीन वाचकांसाठी तर ते हवेच, पण वर्णनात 'विजापूर वेस' हे शब्द असले तर पुढे कुणी शोधेल तेव्हा तो फोटो हातीही लागेल.

सोलापूरची माणसे एकाच कमेंटीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू मिसळून लिहितात. ही आपली श्रीमंती आहे, आणि कमेंटी सांभाळताना अडचणही. मोठ्या कंपनीच्या यंत्राला यातली जातिवाचक शिवी कळत नाही आणि आजोबांचा प्रेमळ ओरडा आक्षेपार्ह वाटतो. परदेशातल्या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या स्वयंसेवकालाही तो फरक कळणार नाही, मग त्याची इच्छा कितीही चांगली असो. मॅस्टोडॉन डॉट सोशल या मूळ सर्व्हरच्या नियमांत वंशद्वेषासोबत जातीयवादालाही स्पष्ट मनाई लिहिलेली आहे, ही चांगली गोष्ट. पण नियम लागू करायला भाषा कळणारा माणूस लागतो. तुमच्या साइटवर तो माणूस तुमचा असेल. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची कमेंट मंजुरीशिवाय दिसू नये अशी सेटिंग वर्डप्रेसमध्ये आहे, ती चालू ठेवा आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणारा प्रत्येकी एकजण तरी मंजुरीसाठी नेमा. यात्रेच्या, जयंतीच्या, निवडणुकीच्या काळात रोज दोनदा बघायचे असे आपसांत ठरवून घ्या.

आता वयस्कर वाचक. ते मॅस्टोडॉनवर येणार नाहीत, आणि त्यांनी यावे असा आग्रहही धरू नका. त्यांच्यासाठी साइट आहे. लिंक दाबली की पान उघडते, लॉगिन मागत नाही, नवे अ‍ॅप लागत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एक लिंक टाका. फोटो थेट टाकू नका, नाहीतर चर्चा पुन्हा तिथेच होईल आणि पुन्हा वाहून जाईल. पानाखाली कमेंटीचा चौकोन साधा ठेवा, फक्त नाव आणि मजकूर, ईमेल सक्तीचा नको. ज्यांना टंकता येत नाही त्यांना बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ पाठवू द्या आणि गटातल्या कुणी ऐकून तो लिहून काढावा. ऑडिओ फाइलही जपा. आवाजातले सोलापूर लिहिण्यात उतरत नाही. लांब व्हिडिओंसाठी मात्र पीअरट्यूबच्या मागे लागू नका, साठवणीचा खर्च झेपणार नाही. यूट्यूबवर ठेवा आणि मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.

जुने पेज बंद करू नका. खाते हटवले की ठरावीक मुदतीनंतर ते परत मिळत नाही, आणि तसलेच नाव घेऊन दुसरा कुणी बसला तर तुमच्याच वाचकांची फसवणूक होईल. वर एक पोस्ट पिन करा, नवा पत्ता ठळक द्या. यापुढे प्रत्येक गोष्ट आधी साइटवर लिहा आणि मगच तिचा पहिला परिच्छेद व लिंक जुन्या पेजवर टाका. दोन्ही गोष्टी निदान वर्षभर चालू द्या. पुढच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांचे फोटो साइटवर टाकून पाहा, त्या आठवड्यात लोकांची ये-जा सर्वांत जास्त असते, नवा पत्ता पसरवायला तीच वेळ बरी.

शेवटचे काम छोटे आहे, पण त्यावरून गट मोडताना मी पाहिले आहेत. डोमेन कुणाच्या नावावर घेणार? उत्साही तरुणाच्या वैयक्तिक ईमेलवर घेऊ नका. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरणाची सूचना कुणी वाचत नाही आणि डोमेन दुसराच कुणी उचलतो. गटाचा स्वतंत्र ईमेल काढा. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस आणि ब्लूस्काय यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून दोन लिफाफ्यांत दोघांकडे ठेवा. डोमेन एकदम ५ वर्षांसाठी भरा आणि संपण्याची तारीख तिघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. संस्था नोंदणीकृत असेल तर पावती संस्थेच्या नावाने घ्या. संग्रह उतरवल्यावर फायली कशा लावायच्या यात अडलात तर त्या फोल्डरचा स्क्रीनशॉट इथेच टाका, मी बघून सांगतो.